चौकीदाराची खोली कुठे आहे?

कॅलिफोर्नियात लॉस अँजेलिसहून सॅन फ्रान्सिस्कोकडे जाणारा १०१ नंबरचा हायवे आहे. त्याच्या कडेला लॉस अलामोस नावाच्या छोट्या गावात १९५९ साली बांधलेलं एक मोटेल आहे, स्कायव्ह्यू. काही वर्षांपूर्वी ते डागडुजी करून, नटवून पुन्हा उघडलं. 'मोटेल' एवढंच लिहिलेली उंच पाटी, एकाला एक लागून खोल्या, पोहण्याचा तलाव आणि आवारातच द्राक्षांचे वेल. आजूबाजूचा सगळा मुलूख वाइनचा. मी तिथे राहिलेलो नाही. पण तुम्ही पाहिलं असेल तसंच मीही ते पाहिलंय, रात्री साडेबाराला, अंथरुणात, फोनवर. अशी मोटेलं आता ढिगानं आहेत. जुनं फर्निचर, जुने रंग, जुन्या बनावटीचा रेडिओ, खाली लोकांच्या हार्टच्या इमोजी. या सगळ्याला 'मिड-सेंच्युरी' म्हणतात, म्हणजे आमच्या आजोबांच्या उमेदीचा काळ. तेव्हा आजोबा बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये पाळीवर जात होते.

या जागांवर चिडावं असं काही नाही. पडून गेलेली इमारत कुणीतरी उभी केली, तर ते पाडण्यापेक्षा केव्हाही बरं. माझा प्रश्न वेगळा आहे. रिस्टोअर करताना काय परत आणतात आणि काय आणत नाहीत?

मोटेल ही मुळात स्वस्ताईची गोष्ट. हा शब्दच १९२५ चा. आर्थर हाइनमन नावाच्या आर्किटेक्टनं याच १०१ च्या रस्त्यावर, सॅन लुइस ओबिस्पो गावात, 'माइलस्टोन मो-टेल' उघडलं. 'मोटर हॉटेल' एवढी मोठी अक्षरं पाटीवर बसेनात, म्हणून त्यानं दोन शब्द चेपून एक केला असं सांगतात. एका रात्रीचे सव्वा डॉलर. गाडी दारापर्यंत, खोलीला स्वतःची न्हाणी, आणि लॉबीतल्या भपकेबाज कारकुनासमोर उभं राहायची गरज नाही. पुढे १९५६ च्या कायद्यानं अमेरिकेत मोठे इंटरस्टेट रस्ते आले, वाहतूक तिकडे वळली आणि जुन्या रस्त्यांवरची मोटेलं ओस पडली. हिचकॉकच्या 'सायको' (१९६०) मधलं बेट्स मोटेल आठवा. तिथे गिऱ्हाईक का नाही, तर हायवे दुसरीकडे गेला म्हणून. भुताटकीच्या आधी तिथे मंदी येऊन गेलेली आहे. १९६२ मध्ये सांता बार्बरात 'मोटेल सिक्स' निघालं. त्यातला सहा म्हणजे रात्रीचे सहा डॉलर. नावातच दर होता.

ही स्वस्ताई सगळ्यांसाठी नव्हती, हेही खरं. काळ्या माणसांना कुठे खोली मिळेल आणि कुठे मार मिळेल हे सांगणारं 'ग्रीन बुक' १९३६ पासून तीस वर्षं निघत राहिलं. आणि १९७० च्या दशकापासून ही पडीक होत चाललेली मोटेलं गुजरातहून, आफ्रिकेतून आलेल्या पटेलांनी विकत घेतली. कुटुंबच्या कुटुंब काउंटरच्या मागच्या खोल्यांत राहून चादरी बदलायचं, संडास घासायचं, हिशोब ठेवायचं. आज अमेरिकेतली निम्म्याच्या आसपास मोटेलं भारतीय वंशाच्या लोकांकडे आहेत असं म्हणतात. मीरा नायरच्या 'मिसिसिपी मसाला' (१९९१) मध्ये हे सगळं आहे. युगांडातून हाकललेलं कुटुंब, मिसिसिपीतलं मोटेल, आणि डेन्झेल वॉशिंग्टनच्या प्रेमात पडण्याआधी आणि नंतरही खोल्या साफ करणारी मीना. मोटेलवरचे चित्रपट पुष्कळ आहेत. त्यातले बहुतेक पाहुण्याच्या बाजूनं दार उघडतात. हा काउंटरच्या मागून सुरू होतो, म्हणून तो मला जास्त आवडतो.

उलट बाजूचं उदाहरण 'साइडवेज' (२००४). लॉस अलामोसच्याच शेजारी, बुएल्टन गावात एका पवनचक्कीवाल्या मोटेलमध्ये माइल्स आणि जॅक उतरतात, आठवडाभर वाइन पितात आणि दोन बायकांशी खोटं बोलतात. चित्रपट उत्तम आहे, माइल्सची हार खोटी वाटत नाही. पण त्याचा परिणाम बघा. ज्या मोटेलमध्ये ते उतरले, ते पुढे 'साइडवेज इन' झालं. एका नापास कादंबरीकाराला परवडणारी खोली त्याच्या नावावर विकायला निघाली.

हे सगळं मला इतकं का खुपतं, ते सांगायला मोटेलचा आपल्याकडचा भाऊ दाखवावा लागेल. तो भाऊ म्हणजे धाबा नव्हे, एसटी स्टँडसमोरचं लॉजही नव्हे. तो म्हणजे रेस्ट हाऊस, सरकारी भाषेत वनविश्रामगृह.

बल्लारपूरहून कोठारी, गोंडपिपरी, आष्टी असं करत रस्ता आलापल्लीला जातो. आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली की चंद्रपूर जिल्हा संपतो आणि गडचिरोली सुरू होतो. एकेकाळी या रस्त्यानं सागाचे लठ्ठे बल्लारपूरच्या डेपोत यायचे, आता सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक येतात. दोन्ही जिल्ह्यांत रस्त्यालगत आणि आत रानात जुनी रेस्ट हाऊस आहेत. दौऱ्यावरचा साहेब घोड्यानं किंवा बैलगाडीनं दिवसभरात जेवढं अंतर कापेल तेवढ्यावर एक, असा साधारण हिशोब. नकाशाही ठरलेला. उंच जोतं, तिन्ही बाजूंनी खोल व्हरांडा, कौलारू छप्पर, मध्ये दोन खोल्या, छताला पंख्याची कडी. स्वयंपाकघर वेगळं, मागे. त्याच्याही मागे चौकीदाराची खोली. व्हरांड्यातून ती दिसत नाही, ही व्यवस्था मुद्दाम केलेली. साहेबाला रान दिसावं, रानात राहणारा दिसू नये.

मोटेलशी साम्य इथेच संपतं. मोटेल निदान पैसे देईल त्याच्यासाठी होतं, ग्रीन बुकचा अपवाद सोडून. अपवाद फार मोठा आहे, मान्य. रेस्ट हाऊस मात्र कधीच आपलं नव्हतं. आमच्या शाळेची सहल त्याच्या फाटकापर्यंत जायची. आत आंब्याच्या झाडाखाली डबे खायला मिळाले तर गुरुजींची ओळख मोठी, असं आम्ही समजायचो. त्यामुळे 'हेरिटेज स्टे' म्हणून जेव्हा एखादं रेस्ट हाऊस नटून ऑनलाइन बुकिंगला येतं, तेव्हा अमेरिकन माणसाला मोटेल पाहून जे वाटतं ते मला वाटू शकत नाही. तो आठवणीत परत जातो. मी पहिल्यांदाच आत जातो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही ऑफिसातले चौघं पुण्याहून गाडी काढून अशाच एका ठिकाणी दोन रात्री राहिलो. जागेचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या मुलांनी आमचं फार मनापासून केलं. काम सुरेख झालं होतं, हे आधी सांगतो. सागाच्या तुळयांवरचा ऑइलपेंटचा थर खरवडून लाकूड उघडं केलेलं. फरशी बदलली नव्हती, फुटलेल्या जागी तशाच रंगाची शोधून बसवलेली. पंख्याची कडी ठेवलेली. भिंतीवर जुना नकाशा फ्रेम करून लावला होता. आणि व्हरांडा! पहाटे तिथे चहाचा कप घेऊन बसलं की कळतं, ज्यानं ही इमारत आखली त्याला उन्हाची आणि वाऱ्याची अक्कल आपल्यापेक्षा जास्त होती. आमच्या पुण्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायलाही वारा येत नाही.

मग मी मागे गेलो. स्वयंपाकघर होतं, नवं, स्टीलच्या ओट्याचं. त्याच्या मागे चौकीदाराची खोली होती, म्हणजे भिंती होत्या. आत जनरेटर. कामाला येणारी मुलं कुठे झोपतात असं विचारलं तर त्यांनी कुंपणापलीकडची पत्र्याची शेड दाखवली. आम्ही एका रात्रीचं जे भाडं दिलं ते त्यांच्यातल्या एकाच्या आठ-दहा दिवसांच्या मजुरीइतकं होतं. आमच्या धंद्यात याला नवं फ्रंटएंड म्हणतात. बॅकएंडला कुणी हात लावलेला नसतो, फक्त युजरला तो दिसू नये याची खबरदारी घेतलेली असते.

रात्री आमच्यातल्या एकानं जेवण वाढणाऱ्या मुलाला हळूच विचारलं, "दादा, मोहाची मिळेल का?" तो हसला नाही, रागावला नाही. एकदा रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाला, "इथं बंदी आहे ना साहेब."

बरोबर होतं त्याचं. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ ला आली आणि २०२१ मध्ये उठली. या बंदीमागे बायकांची मोठी आंदोलनं होती, आणि ती उगाच नव्हती. ज्या घरात पगाराच्या दिवशी नवरा रिकाम्या हातानं परत येतो, त्या घराला माझ्या सौंदर्यदृष्टीशी काही देणंघेणं नाही. हे मी बल्लारपूरच्या वस्त्यांत पाहिलंय. तेव्हा बंदी वाईट, मोह चांगला, असं सोपं वाक्य मला लिहिता येणार नाही.

पण एक तुलना टाळताही येत नाही. नाशिकला द्राक्षाची वाइन होते. २००१ मध्ये राज्य सरकारनं तिच्यासाठी वेगळं धोरण आणलं, अबकारी करात सूट दिली. पुढे टेस्टिंग रूम आल्या, रिसॉर्ट आले, सूर्यास्ताचे फोटो आले. जानेवारी २०२२ मध्ये वाइन सुपरमार्केटात विकायचा निर्णय झाला, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे, ती शेतकऱ्याचं उत्पन्न आहे, असं मोठमोठ्यानं सांगितलं गेलं. तो निर्णय पुढे अडकला ते सोडा. युक्तिवाद लक्षात ठेवा. कारण मोहफुलाच्या बाबतीत तो कधी कुणी केलेला ऐकला नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे अंधारात टोपली घेऊन बाई झाडाखाली जाते. फूल मेणासारखं, पिवळसर, वासानं डोकं जड करणारं. ते वेचताना वाकलेल्या माणसावर वाघानं झडप घातल्याच्या बातम्या आमच्या जिल्ह्यात दर उन्हाळ्यात येतात. वेचलेलं फूल वाळवायचं, साठवायचं, त्याच्या पोळ्या, लाडू करायचे, जनावरांना घालायचं, विकायचं, आणि हो, मडक्यात आंबवून दारूही गाळायची. हे फूल गोळा करण्यावरचे आणि साठवण्यावरचे निर्बंध सैल व्हायला २०२१ साल उजाडावं लागलं. वाइन कंट्रीला लागणारं सगळं आमच्याकडे आहे. फळ म्हणा वा फूल, हंगाम, कसब, रस्ता आणि रस्त्याकडेला जुनी सुंदर इमारत. फक्त इमारत एकाची आहे आणि फूल दुसऱ्याचं. त्या रेस्ट हाऊसच्या मेन्यूत 'ट्रायबल थाळी' होती. थाळीत मोहाचा लाडू होता. गोड केल्यावर सगळं चालतं.

आणि मग सत्यजित राय. 'अरण्येर दिन रात्री' (१९७०) ज्यांनी पाहिला असेल त्यांना वरचे परिच्छेद वाचताना केव्हाच तो आठवला असेल. कलकत्त्याचे चार तरुण गाडीनं पलामूच्या जंगलात येतात. तेव्हाचा बिहार, आता झारखंड. रेस्ट हाऊसचं रिझर्व्हेशन नसतं. चौकीदार नाही म्हणतो, त्याची नोकरी जाईल म्हणतो, त्याची बायको आजारी आहे. हे त्याच्या हातात पैसे कोंबतात आणि आत शिरतात. मग मोहाची दारू, शेजारच्या बंगल्यातल्या शहरी बायका, तो गाजलेला स्मरणशक्तीचा खेळ, संथाळ मुलगी दुली. शहरी माणूस जंगलात जाऊन स्वतःला शोधतो, या जातीच्या कथांचा हा बाप म्हणता येईल. पण रायनी एक गोष्ट केली जी या जातीत कुणी करत नाही. अपर्णा (शर्मिला टागोर) असीमला मागे घेऊन जाते आणि चौकीदाराच्या खोलीच्या खिडकीतून आत बघायला लावते. आत अंधारात तापानं फणफणलेली बाई पडलेली आहे. इतके दिवस हे चौघं तिच्या भिंतीला लागून हसत, पीत, अंडी मिळत नाहीत म्हणून कुरकुरत होते. शॉट लहान आहे. माझ्या मते अख्खा चित्रपट त्या खिडकीवर तोललेला आहे. स्मरणशक्तीच्या खेळावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली, ती वाचावीत. पण खेळात कोण काय विसरलं यापेक्षा खेळ चालू असताना कोण मागे पडून होतं, हे मला मोठं वाटतं.

मे २०२५ मध्ये हा चित्रपट रिस्टोअर होऊन कान महोत्सवात दाखवला गेला. त्या कामात मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन होती, आणि चित्रपट सादर करायला वेस अँडरसन आला होता. हे फार गमतीचं आहे. जुन्या हॉटेलांना फिक्या गुलाबी रंगात बुडवून त्यांच्याबद्दल हुरहूर वाटायला लावण्यात आज जगात त्याचा हात धरणारा कुणी नाही. फोनवरच्या त्या मोटेलांचे फोटो पाहून लोक त्याचंच नाव घेतात. त्याला राय मनापासून आवडतात, हे 'दार्जिलिंग लिमिटेड' मध्ये त्यानं रायच्या चित्रपटांतलं संगीत वापरलं त्यावरून कळतंच. त्याच्या 'ग्रँड बुडापेस्ट हॉटेल' मध्ये नोकर हाच नायक आहे, तेव्हा त्याला मागची खोली ठाऊक नाही असंही नाही. पण त्याच्या चित्रपटात मागची खोलीही सुबक असते. रायच्या खिडकीत तसं काही नाही, आणि म्हणून ती टोचते.

रायही इथे पूर्ण सुटत नाहीत. दुलीच्या भूमिकेत सिमी गरेवाल आहे, अंगाला काळा रंग फासून. यूट्यूबवरच्या धुरकट प्रतीत तो लपत नाही, मग स्वच्छ केलेल्या प्रतीत कसा लपणार? चौकीदाराच्या बायकोसाठी खिडकी उघडणाऱ्या दिग्दर्शकाला संथाळ मुलगी म्हणून मुंबईची नटीच सुचली. आणि हरीनं पाकीट चोरलं म्हणून ज्याला मारलं तो लखा शेवटी हरीला रानात गाठून डोकं फोडतो, तिथेही लखा आपल्याला फारसा कळत नाही. चित्रपट रिस्टोअर झाल्यावर ही खोटही चांगली चकचकीत दिसते, याबद्दल मी रिस्टोरेशन करणाऱ्यांचा ऋणी आहे. इमारतीचं आणि चित्रपटाचं रिस्टोरेशन यांत हाच फरक. चित्रपटातली खिडकी बुजवून तिथे जनरेटर ठेवता येत नाही.

मराठीत रेस्ट हाऊसचं साहित्य कमी नाही. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात जाऊन राहिले आणि त्यावर पुस्तक लिहिलं. मारुती चितमपल्ली तर वनाधिकारीच, त्यांचं निम्मं आयुष्य अशा इमारतींत गेलं. त्यांचं जाणं जून २०२५ मधलं, म्हणजे रायचा चित्रपट कानला दाखवला त्याच्या पुढच्याच महिन्यातलं. चितमपल्लींचा मोठेपणा असा की गोंड, माडिया, कोरकू माणसांकडून शिकलेलं ते त्यांच्या नावावर ठेवतात. तरीही आपल्या जंगलवाङ्मयाची खुर्ची व्हरांड्यातच आहे. तिथून पक्षी दिसतात, चांदणं दिसतं, वाघाची चाहूल लागते. स्वयंपाकघराच्या मागून लिहिलेलं पुस्तक माझ्या वाचनात आलेलं नाही. 'जंगल वाचवा' म्हणतानाही आपण नमुना वाचवतो. आलापल्लीजवळ सहा हेक्टरचा जुन्या रानाचा तुकडा आहे, 'ग्लोरी ऑफ आलापल्ली'. २०१४ मध्ये तो जैवविविधता वारसा स्थळ झाला. झाडं खरोखर भव्य आहेत, मान वर करून करून दुखते. पण सहा हेक्टर.

माझ्या शाळेतल्या मित्राचे वडील बरीच वर्षं रेस्ट हाऊसवर चौकीदार होते. आधी रोजंदारी, मग बारमाही मजूर, निवृत्तीच्या जवळ आल्यावर कायम. गेल्या दिवाळीला मी त्यांना रायचा चित्रपट दाखवला, त्यांच्याच ओट्यावर, माझ्या लॅपटॉपवर. बंगाली त्यांना कळत नव्हतं, मी सबटायटल्स वाचून सांगत होतो. चार पोरांत त्यांना अजिबात रस नव्हता. शर्मिला टागोर आल्यावर काकू थोड्या पुढे सरकल्या, काका नाही. ते फक्त चौकीदार पडद्यावर आला की बघायचे. पैसे घेतल्यावर म्हणाले, "त्यानं चाबी द्याले नाही पाह्यजे होती. साहेब लोक जाते निघून, मेमो याले भेटते."

मी म्हटलं, "काका, त्यांनी जबरदस्ती केली ना."

"सगळेच करते."

मग साहेबाची जीप आली. शेजारच्या बंगल्यातल्या बायकांच्या ओळखीमुळे पोरं वाचली आणि चौकीदारही. काकांनी मान हलवली. "ओळखीनं वाचला म्हणजे."

शेवट जवळ आला होता. निघताना पोरांना चौकीदार एक पाकीट देतो, अपर्णानं ठेवून गेलेलं. त्यात उकडलेली अंडी असतात, पोरं खूश होतात. मला हा शेवट नेहमी फार गोड वाटत आला आहे. काका म्हणाले, "थांब बेटा. त्याची बायको बरी झाली का?"

ते चित्रपटात नाही, असं मी सांगितलं.

"बघ ना समोर करून. असंल."

मी पुढे करून पाहिलं. पुढे गाडी निघते.